प्रति: पहिल्या पावसात एवढे बेडूक येतात कुठून?

वर कुणीतरी लिहिलंय की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर बेडूक ढगांतून पडतात. अहो, ते पायाखालीच असतात! बिळकरी बेडकाच्या मागच्या पायांना फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती उकरत तो पाठमोरा आत शिरतो. मग पाऊस येईपर्यंत खालीच: श्वास, हृदयाचे ठोके मंदावतात, साठवलेल्या चरबीवर गुजराण. मूत्राशयातलं पाणीही शरीर परत शोषून घेतं (हो, तेच). ऑस्ट्रेलियातला एक बेडूक तर स्वतःच्याच कातीच्या थरांत गुंडाळून घेतो. बाहेर पडायला फक्त ओलच लागते असं नाही: अमेरिकेतल्या वाळवंटी बेडकांवरच्या प्रयोगांत पाऊस पडताना होते तशी जमिनीची थरथरही पुरली. मग सगळी घाई, कारण डबकं आटायच्या आत अंडी, शेपटीवाली पिल्लं, पाय, सगळं उरकायचं असतं.