‘उलटी लाट’ म्हणावं का?

भाषांतर_सोलापूर: महाविद्यालयाच्या भूगोल मंडळासाठी समुद्रातल्या अंतर्लाटांवरचा लेख मराठीत करतेय. एका शब्दाशी अडलेय. वरचं कोमट, हलकं पाणी आणि खालचं गार, जड पाणी यांच्या सीमेवरून या लाटा चालतात. खोल समुद्रात वरचा थर पातळ असतो, तिथल्या मोठ्या लाटेत ही सीमा वर उचलली जात नाही, खाली दबते. लाटच, पण खाली लोंबणारी. मी ‘उलटी लाट’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या सरांनी खोडलं. म्हणाले, उलटी म्हणजे किनाऱ्यावरून परत फिरलेली, असंच वाचणारा समजेल. ‘पालथी लाट’ चालेल का?

पार्क_चौक: पालथी तर नेहमीचीच लाट असते, पाठ वर करून! तुमची लाट उताणी आहे. पालथं आणि उताणं यातला फरक आजी नीट पाळायची, आता सगळं ‘उलटं’ झालंय.

भौतिकशास्त्र_शिक्षक: दोन्ही नकोत. पाठ्यपुस्तकात लाटेला शीर्ष (वरचा माथा) आणि द्रोणी (खालचा खळगा) आहे. ‘अवनत तरंग’ आणि ‘उन्नत तरंग’ म्हणा, वाद मिटला. दोन्ही नावं लागतीलच, कारण ही लाट वाटेत रूप पालटते. नियम सोपा आहे : सीमा जाड थराच्या बाजूला झुकते. खोल पाण्यात खालचा थर जाड, म्हणून लाट खाली. खंडान्त उतारावरून, म्हणजे खोल समुद्राच्या तळापासून वर येणाऱ्या उतारावरून, समुद्रबूड जमिनीकडे (किनाऱ्यालगतच्या उथळ तळाकडे) येताना खालचा थर पातळ होत जातो. लाटेचा वेग मंदावतो, पुढची बाजू लांबट, सपाट होते, मागची बाजू उभी होत जाते. दोन्ही थर साधारण सारखे झाले त्या जागेच्या पलीकडे खड्ड्याचा उंचवटा होतो, आणि एका लाटेच्या जागी बऱ्याचदा लहान लाटांची रांगच निघते.

पूर्व_भागकर: सर, समजलं, पण ‘अवनत तरंग’ ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. आमच्या मागावर ताणा ढिला पडला की मधे झोळ येतो. मंडपाच्या कापडालाही झोळच पडतो. दोन पाण्यांमधल्या सीमेला पडलेला तो झोळ. वर उचलली की फुगवटा. ‘झोळलाट’ आणि ‘फुगीर लाट’.

भौतिकशास्त्र_शिक्षक: झोळ जागचा हलत नाही. ही लाट अंदमान समुद्रात सेकंदाला 2 मीटरच्या आसपास चालते. ऑसबोर्न आणि बर्च या संशोधकांनी 1980 साली तिथल्या मोजणीवर लिहिलं, लाटा 60 मीटरच्या घरातल्या. इतक्या मोठ्या गोष्टीला मंडपातला शब्द?

पूर्व_भागकर: शब्दानं वस्तू लहान होत नाही, सर. ‘लाट’ हा शब्द तरी कुठे मोठा आहे?

भाषांतर_सोलापूर: मला ‘झोळ’ मनापासून आवडला. भीती एवढीच, की हल्लीची मुलं ‘झोल’ ऐकतील आणि घोटाळा समजतील.

पार्क_चौक: ळ आणि ल वेगळे आहेत. मुलांना ळ ऐकू येत नसेल तर तो शिकवायचा, शब्द टाकायचा नाही.

जुळे_सोलापूर: माझा प्रश्न निराळा. ‘लाट खंडान्त उतारावर चढते’ हे वाक्य कुणाला खटकत नाही? उतारावर चढायचं कसं? किनाऱ्यावरून पाहणाऱ्यानं ठेवलेलं नाव आहे हे. लाटेच्या बाजूनं तो चढ आहे.

भाषांतर_सोलापूर: ‘चढ’ मीही लिहिलं होतं, तेही खोडलं गेलं.

पार्क_चौक: घाटाला आपण चढ-उतार दोन्ही म्हणतो, कुठून निघालो त्यावर. समुद्रालाच बंदी का?

भौतिकशास्त्र_शिक्षक: संज्ञा एकदा ठरली की दिशेप्रमाणे बदलत नाही. नाहीतर दक्षिण चीन समुद्रातल्या 200 मीटरपेक्षा उंच लाटांवर लिहिताना प्रत्येक ओळीत दिशा सांगत बसावं लागेल. आणि ‘द्रोणी’ शब्द चांगला आहे, तो सोडू नका.

होटगी_रोड: द्रोणी म्हणजे आपली डोणच ना? गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. आमच्या गावी विहिरीजवळ होती.

पूर्व_भागकर: कन्नडमध्ये ‘दोणी’ म्हणजे होडी. आमच्या शेजारी अक्कलकोटकडचे कुटुंब आहे, ते हाच शब्द वापरतात.

पार्क_चौक: संस्कृतातही द्रोणीला होडी असा अर्थ आहे, लाकूड कोरून केलेली. तिथूनच कानडीत गेला.

पूर्व_भागकर: किंवा कानडीतून संस्कृतात. नदीवर होड्या चालवणाऱ्यांनी होडीचा शब्द पोथीतून कशाला घ्यावा?

पार्क_चौक: ‘द्र’ चा ‘द’ किंवा ‘ड’ होणं प्राकृतात नेहमीचं. द्राक्षाचं दाख झालं तसंच. उलट दिशेला ‘र’ घुसवायला कारण हवं.

होटगी_रोड: कारण आहे की, शब्द संस्कृतासारखा दिसावा म्हणून. पण मग पळसाच्या पानांचा द्रोण? तो कुठल्या बाजूचा?

भाषांतर_सोलापूर: लेख उद्या द्यायचा आहे. ‘झोळलाट’ ठेवतेय, पहिल्या उल्लेखाला ‘खाली दबलेली’ एवढं जोडून.

भौतिकशास्त्र_शिक्षक: निदान कंसात ‘अवनत तरंग’ द्या.

पार्क_चौक: द्रोणाचं सांगतो. आधी मला सांगा, तुमच्याकडे द्रोण म्हणतात की दोना?