'लोकल लूप'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी: १९९९ साली एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीने टीसीआय ही केबल टीव्ही कंपनी घेतली, त्यावरचा मजकूर मराठीत करतेय. १९८४मध्ये एटी अँड टीची फाळणी झाली, तेव्हा स्थानिक तारा बेल नावाच्या प्रादेशिक फोन कंपन्यांकडे गेल्या. १९९६च्या कायद्याने स्थानिक फोनसेवा खुली झाली, पण घरात शिरायला तार कुठून आणायची? म्हणून टीव्हीची केबल. यात 'लोकल लूप', म्हणजे एक्सचेंजपासून घरापर्यंतची तारांची जोडी, पावलोपावली येतो. 'स्थानिक वेटोळे' वाचून साप आठवतो. दुसरं काही सुचतंय?

तांबट: नुसतं 'लूप' ठेवू नका. लाइनमनच्या भाषेत लूप हा बिघाड आहे: पेअरच्या, म्हणजे जोडीच्या, दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. 'लूप दाखवतेय' म्हटलं की तो पिलर (रस्त्यावरची जोडपेटी), डीपी (खांबावरची वाटपपेटी), ड्रॉप वायर (तिथून घरात येणारी तार) असं तपासत निघतो. मूळ अर्थ वेगळा. एक्सचेंज जोडीवर ४८ व्होल्ट डीसी ठेवतं. रिसीव्हर उचलला की मंडल (परिपथ) पूर्ण होऊन साधारण २० मिलिअँपिअर किंवा जास्त प्रवाह वाहतो आणि डायल टोन मिळतो. 'ग्राहक-परिपथ' म्हणा.

रोखठोक: परिपथ दहावीच्या विज्ञानात सोडून या हो. 'घरजोडणी'!

कोॲक्स: घरजोडणीला माझं मत, कारण केबलवर मंडल नसतंच. एका नोडमागे (वस्तीतलं जोडकेंद्र) शेकडो घरं एकाच कोॲक्सच्या, म्हणजे टीव्हीच्या गोल केबलच्या, फांद्यांवर. फोनला लागणारे ४८ व्होल्ट घरातला जोडणीचा डबाच तयार करतो. म्हणून वीज गेली की फोन बंद, डब्यात बॅटरी हवी. ती साधारण ८ तास पुरते. सुरुवातीच्या काही कंपन्या भिंतीबाहेरच्या डब्याला कोॲक्सवरूनच वीज द्यायच्या. ब्रिटनमध्ये मात्र कोॲक्सला चिकटून तांब्याची जोडी टाकलेली जुळी केबल होती, तिथे 'लूप' खराच.

शुद्धमती: घरजोडणी म्हणजे सोयरीक जमवणं वाटतं. आणि 'रिटर्न पाथ'ला, म्हणजे घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या सिग्नलच्या मार्गाला, काय करणार? 'प्रतिगामी मार्ग' चालेल.

रोखठोक: प्रतिगामी! केबल काय राजकारणात पडलीय? 'परतवाट' म्हणा.

कोॲक्स: परतवाट छान. खरी गोची तिथेच. अमेरिकेत तेव्हा तिला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, टीव्ही ५४च्या वर. एका घरातला एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाची आट्यांची पिन) सैल असला की मिक्सरचा आणि हॅम रेडिओचा गोंगाट आत शिरतो, आणि सगळ्या घरांचा गोंगाट वर नोडपाशी एकवटतो. टीव्ही झकास दिसतो, बोलणं मात्र तुटतं, आणि दोषी भलत्याच घरात. उपाय: कनेक्टर नीट क्रिंप करून पान्याने घट्ट करा, स्प्लिटरच्या (एका केबलच्या अनेक फांद्या करणारा तुकडा) रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर लावा, फक्त टीव्ही घेणाऱ्या घराला परतवाट अडवणारा हाय-पास फिल्टर. शिवाय केबल मोडेमच्या डॉक्सिस या मानकाची १.१ आवृत्ती येईपर्यंत आवाजासाठी राखीव वेळ नव्हता. शेजारी फाइल चढवू लागला की शब्द गळायचे.

शुद्धमती: 'गोंगाट' घरगुती झाला. 'रव'?

तांबट: रव कोकिळेचा. इथे 'खरखर'.

भाषांतरी: आणि 'लोकल लूप'?

शुद्धमती: आधी टर्मिनेटरचं बघू. 'अंतक' कसं वाटतं?

रोखठोक: अंतक म्हणजे यम, बाई. स्प्लिटरला यम लावू नका.

तांबट: 'टोपी' लिहा. पण आत ७५ ओहमचा रोध असलेली, असं स्पष्ट करा. नाहीतर कुणी नुसतं प्लॅस्टिकचं बूच बसवेल आणि सिग्नल तिथून उलटा फिरेल.