दुसरीतल्या मुलांना गुड टच बॅड टच: पाठवू का नको?

गोंधळलेली_आई: शाळेतून नोट आलीय पुढच्या आठवड्यात गुड टच बॅड टचचा तास आहे म्हणून, सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरांना कशाला असलं काही, मलाही कळेना. कोणाच्या मुलांना शिकवलंय का?

झेडपी_गुरुजी: बिनधास्त पाठवा ताई. या वयात संभोग वगैरे काही नसतं हो, अवयवांची नावं, चड्डीच्या आतल्या जागी कोणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं, घरी सांगायचं, आणि 'कोणाला सांगू नको' म्हणणारा सख्खा काका असला तरी सांगायचं. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हेल्पलाइन नंबर आम्ही पाठच करून घेतो. मुलग्यांनाही बसवा, २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलगे-मुली दोघांसाठी आहे.

सदाशिवपेठी: २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं होतं, आणि याच राज्यात र. धों. कर्वे १९२७ पासून यावर मासिक काढत होते, काय बोलायचं!

ठाणेकर_मावशी: सासूबाईंना सांगा, २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या मुली जेमतेम चार वर्षांच्या होत्या. दुसरी म्हणजे उशीरच झाला म्हणायचा.

गोंधळलेली_आई: पाठवते मग. तासाला पालकांना बसू देतात का गुरुजी?

झेडपी_गुरुजी: आमच्याकडे आधी पालकांचीच मीटिंग घेतो, तुमच्या बाईंना विचारून बघा.