मदत हवी आहे : ब्रेक कॅलिपर रंगवायचे आहेत

मंडळी, गाडीला नुकतीच १५ इंची अलॉय चाकं बसवली आणि आतले गंजके कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) उघडे पडले. आम्ही रत्नागिरीत, खारा वारा आणि चार महिने पाऊस. ओतीव लोखंडावर तांबेरा चढणारच. ब्रेक उत्तम लागतात, प्रश्न फक्त दिसण्याचा.

वरून चिकटवायची लाल प्लास्टिक कव्हरं नकोत. सुटून चाकात अडकली तर? शिवाय घाटात उतरताना ब्रेक तापतात, म्हणून साधा स्प्रे नको, उष्णतारोधक कॅलिपर पेंटच घेणार. तारेच्या ब्रशने गंज काढून ब्रेक क्लीनरने पुसायचं, डिस्क, पॅड, रबरी बूट, स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) आणि ब्लीड निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची तोटी) टेपने झाकायचे, इथपर्यंत ठरलंय.

आता विचारायचं ते असं. कॅलिपर न काढता ब्रशने दोन-तीन हात दिले तर फिनिश बरा येतो का, की स्प्रेच हवा? गंजावर आधी उष्णता सोसणारा प्रायमर लागतो का? मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेही त्याच रंगात करावेत की काळे? चिरंजीवांना लाल हवाय, मला राखाडी बरा वाटतो (लाल कॅलिपर आणि १२०० सीसी, लोक हसतील). किनारपट्टीवर कुणी केलं असेल तर रंग किती पावसाळे टिकला तेही सांगा.