चेटकीण, जादूगारीण की जाणती?

पानखूण

गेले दोन महिने कुमारवयीन वाचकांसाठीच्या फॅन्टसी कादंबऱ्यांचा नाद लागलाय. आधी 'हाउल्स मूव्हिंग कासल' (१९८६), मग 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८), आणि जिने खरा जीव लावला ती टेरी प्रॅचेटची 'द वी फ्री मेन' (२००३). हिची नायिका टिफनी एकिंग नऊ वर्षांची आहे. मेंढपाळांच्या घरातली, दूधदुभत्याचं काम करणारी, आणि अख्खा शब्दकोश गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचून काढलेली. आपल्या या वाचकगटातल्या मंडळींना ती आवडणारच.

भाचीला इंग्रजी अजून जड जातं, म्हणून पहिली काही प्रकरणं तिच्यासाठी मराठीत उतरवायला घेतली. टिफनीला 'विच' व्हायचं असतं. मी लिहिलं, 'मला चेटकीण व्हायचंय.' वही परत आली तेव्हा 'चेटकीण'भोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता आणि समासात लिहिलं होतं : 'मावशी, असं स्वतःहून कोण म्हणेल? जादूगारीण लिही.'

तिचं चूक नाही. पण माझी अडचण वेगळीच आहे. कादंबरीत एक म्हातारी आहे, मिसेस स्नॅपरली. एकटी राहणारी, दात पडलेली. सरदाराचा मुलगा हरवतो, गाव तिला विच ठरवतं, तिचं खोपटं जाळतं आणि ती हिवाळ्यात बेघर होऊन मरते. टिफनी विच व्हायचं मनावर घेते ते यातूनच, पुन्हा कोणाच्या वाट्याला असं येऊ नये म्हणून. म्हणजे ज्या शब्दाने म्हातारी मारली, तोच शब्द पोरगी स्वतःसाठी मागून घेते. म्हातारीला चेटकीण आणि टिफनीला जादूगारीण लिहिलं तर ही गाठच सुटून जाते. एकाच शब्दात दोन्ही कसं बसवायचं?

उंबरठा

मी भाचीच्या बाजूने. चेटकीण म्हटलं की वाकडं नाक आणि खरखरीत आवाज. नऊ वर्षांच्या मुलीला ते ओझं कशाला? जादूगारीण सरळ शब्द आहे, माळीण-सुतारीणसारखा.

अधोरेखित

'सरळ' कसा? जादू फारसी, '-गार' हा प्रत्ययही फारसी, आणि शेवटी आपला '-ईण' जोडलेला. आपल्याकडे मायाविनी आहे, मांत्रिकी आहे. आपल्या घरातलं सोडून शेजाऱ्याच्या दारात का जायचं?

काजवा

मायाविनी ही मोहात पाडणारी. टिफनीने पहिल्याच लढाईत तळणीचं भांडं चालवलंय, ओढ्यातल्या राक्षसिणीच्या तोंडावर. तिला मायाविनी म्हणणं म्हणजे भलतंच. आणि फारसी म्हणून शब्द टाकायचे ठरवले तर 'शाई', 'कागद', 'दुकान' सगळंच जाईल, मग ही चर्चा लिहायची कशाने? जादू शब्द मराठीत मुरला आहे, तो आता आपलाच.

माझी तक्रार 'जादूगारीण'च्या अर्थाशी आहे. जादूगार म्हटलं की मराठी माणसाला रंगमंचावर रुमालातून कबूतर काढणारा दिसतो. तो हातचलाखीचा प्रयोग झाला. टिफनीची आजी तसलं काही करत नाही. ती मेंढ्यांचे आजार ओळखते, हवा ओळखते, माणसं ओळखते. गावात तिचा शब्द चालतो.

ओळीबाहेर

'-ईण'ची आणखी एक अडचण आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीणही आधी मास्तरांची बायको होती, पुढे शिकवणारी बाई झाली. जादूगारीण म्हटलं की जादूगाराची बायको असा अर्थ माझ्या डोक्यात आधी येतो. चेटकिणीचं तसं नाही. चेटक्या हा पुल्लिंगी शब्द आहे, पण चेटकीण त्याची कोणी लागत नाही, ती स्वतःच्या बळावर उभी आहे. माझं मत चेटकिणीला.

उंबरठा

मास्तरिणीचा मुद्दा मान्य. पण चेटकीण लहानपणी मला कोणी प्रेमाने म्हटलेलं नाही.

काजवा

मला म्हटलंय! माझी आजी म्हणायची. तिने डब्यामागे लपवलेली खडीसाखर मी दर वेळी शोधून काढायचे. मग हाताने माझी हनुवटी धरून म्हणायची, 'चेटकीण मेली, वास कसा लागतो गं तुला?' तेव्हापासून त्या शब्दात मला आजीच्या हाताचा तंबाखूचा वास येतो. म्हणून म्हणते, शब्दात लाड नसतात असं समजू नका. लाड बोलणाऱ्याकडून येतात.

अधोरेखित

अपवादाने नियम होत नाही. आजी 'मेली'सुद्धा लाडाने म्हणायची, म्हणून 'मेली' हा गौरव होत नाही. बाईला या नावाने हाकललं गेलंय, जाळलं गेलंय. अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकिणींच्या खटल्यांत काय झालं ते आठवा.

ओळीबाहेर

एक दुरुस्ती. सेलममध्ये १६९२ साली कोणाला जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिलं आणि एका वृद्धाला छातीवर दगड ठेवून मारलं. त्या १९ मध्ये पुरुषही होते. शब्दांवर भांडताना घटना नीट घेऊ या.

अधोरेखित

दुरुस्ती मान्य. पण मुद्दा राहतोच.

समास

मुद्दा राहतो, पण उलट्या बाजूने राहतो असं मला वाटतं. बायकांच्या ज्ञानाची नावं कशी घसरतात ते बघा. यक्षिणीची जखीण झाली. तंत्रमार्गात, तिबेटी बौद्ध परंपरेत जिला पूज्य मानतात त्या डाकिनीची आपल्याकडे डाकीण झाली. चेटूक 'चेट' म्हणजे चाकर यावरून, वश करून चाकरीला लावलेलं भूत, अशी माझी आवडती व्युत्पत्ती आहे. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला स्थावरक चेट आठवा. कोणी पुराव्यानिशी खोडली तर सोडून देईन. पण खरी असली तर चेटकीण म्हणजे चाकर ठेवणारी, मालकीण!

इंग्रजीतही तसंच झालंय. 'विझर्ड' हा 'वाइज'वरून, म्हणजे मुळात शहाणा. 'विच' जुन्या इंग्रजीतल्या 'विच्चे'वरून, आणि त्याचं पुल्लिंगी रूप 'विक्का'. जोडी बरोबरीची होती. पुढे पुरुषाला शहाणपण मिळालं आणि बाईला काठी. 'अर्थसी'त हे उघड दिसतं. नायक गेडला पहिले मंत्र शिकवते ती त्याच्या आईची बहीण, गावची विच. पण रोक बेटावरच्या शाळेत मुलगेच जातात. मावशीचं ज्ञान घेऊन भाचा विझर्ड होतो, मावशी गावातच राहते.

पानखूण

समास, तुमचा हा परिच्छेद रात्री दोनदा वाचला. गेडच्या मावशीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि 'विझर्ड म्हणजे शहाणा' वाचल्यावर एक शब्द डोक्यात आलाय : जाणती. 'गावातली जाणती बाई' आपण म्हणतोच. टिफनीची आजी अगदी तशी आहे. 'मला जाणती व्हायचंय.' कसं वाटतं?

काजवा

सुंदर! अंगावर काटा आला.

उंबरठा

वाक्य सुंदर, पण गाव म्हातारीचं खोपटं 'जाणती' म्हणून जाळणार का? तुमची गाठ सुटते अशी तक्रार तुम्हीच केली होती. जाणतीमध्ये तर ती बांधलीच जात नाही.

ओळीबाहेर

आणि आमच्या घरात 'मुलगी जाणती झाली' याचा अर्थ वयात आली असा होतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी 'मला जाणती व्हायचंय' वेगळंच ऐकू येईल.

समास

पण मला तेच आवडतंय. जाणतं वय! आपण 'यंग अडल्ट'ला किशोर साहित्य, कुमार साहित्य, युवा साहित्य असे तीन शब्द आलटून-पालटून वापरतो आणि एकही नीट बसत नाही. कुमार म्हटलं की शाळेतलं पोर, युवा म्हटलं की मेळावा. 'जाणत्या वयाच्या कादंबऱ्या' म्हटलं तर ही पुस्तकं नेमकी कशाबद्दल आहेत ते कळतं.

अधोरेखित

किशोर काय वाईट आहे? शुद्ध संस्कृत. मूळ अर्थ घोड्याचं शिंगरू. लांब पाय, धड पळताही येत नाही आणि उभंही राहवत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं याहून अचूक वर्णन दाखवा.

काजवा

शिंगरू! हे माहीत नव्हतं. पण 'किशोरी'चं काय? शिंगरूपणा मुलाच्या वाट्याला, मुलीच्या किशोरीला मात्र नुसतं वय. तुमचा शब्दही तिथेच घसरला.

उंबरठा

आणि 'फॅन्टसी'ला काय म्हणणार? अद्भुतरम्य हा शब्द समीक्षकांनी 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या वळणाच्या कादंबऱ्यांना देऊन टाकलाय. कल्पनारम्य म्हटलं तर कुठली कादंबरी कल्पनेची नसते?

समास

मुळात 'कादंबरी' हा शब्दच फॅन्टसीचा आहे हो. बाणभट्टाची नायिका कादंबरी गंधर्वकन्या, गोष्ट सांगणारा पोपट, आणि पात्रांचे पूर्वजन्म. सातव्या शतकातल्या त्या एका ग्रंथाचं नाव आपण सगळ्या प्रकाराला देऊन टाकलं. तेव्हा मराठीत 'फॅन्टसी कादंबरी' म्हणणं म्हणजे द्विरुक्ती!

अधोरेखित

द्विरुक्ती नाही. बाणाची 'कादंबरी' कथा या प्रकारात मोडते, आख्यायिकेपासून तिचा भेद करतात. यावर वेगळं लिहावं लागेल, आज रात्री लिहितो.

पानखूण

अधोरेखित, जरूर लिहा, वाट बघते. दरम्यान इकडची हालहवाल : भाचीला 'चेटकीण' आणि 'जाणती' दोन्ही घालून म्हातारीचं प्रकरण दोनदा वाचून दाखवलं. खोपटं जाळतात तिथे दोन्ही वेळा ती गप्प झाली. मग वही ओढून घेतली, पेन्सिलीचा गोल खोडला, शब्द मात्र तसाच ठेवला. का ते विचारलं तर म्हणाली, पुढचं प्रकरण आधी दे.