कॉमिक्समधला हिरो हलताना पहिल्यांदा कधी पाहिलात? (अनुभव धागा)

डेंकालीचा_पोस्टमन

परवा रात्री जेवताना लेकीने हिशोब मांडला. स्पायडरमॅनचा पुढचा ॲनिमेशनपट 'बियाँड द स्पायडर-व्हर्स' २०२७ च्या जूनमध्ये येणार, तेव्हा ती दहावीत असणार आणि "तुम्ही मला थेटरात जाऊ देणार नाही." अजून दहावी लांब आहे, पण आरोपपत्र तयार.

२०२३ मध्ये आम्ही त्याच्या आधीचा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', बघायला गेलो तेव्हा ही सहावीत. सिनेमा ऐन रंगात आला आणि 'क्रमशः' म्हणून संपला. दिवे लागले तरी ही खुर्चीतून उठेना. पुढचा भाग आधी २०२४ च्या मार्चमध्ये येणार होता. मग पुढे गेला, मग आणखी पुढे. मी तिला म्हणालो, "अगं, आम्हीही थांबायचोच की." आणि म्हणता म्हणता माझाच घास हातात राहिला.

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीवाला होता. दहा पैसे दिले की पोत्यावर बसून इंद्रजाल कॉमिक्स वाचायचं, घरी न्यायचं तर चार आणे. वेताळ, मँड्रेक, बहादूर. वेताळाचा ठोसा बसला की हनुवटीवर कवटी उमटायची. मी अंगठ्याने अंकाची पानं भर्रकन सोडायचो. वाटायचं, वेताळाचा घोडा दौडेल. दौडायचा नाही, नुसता तोंडावर वारा यायचा. रद्दीवाला ओरडायचा, "पानं सुटतील, भाड्या!"

आणि गेल्या आठवड्यात वाचलं की 'अक्रॉस'मधलं ते मुंबॅटन (मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं शहर) रंगवताना त्या लोकांनी सत्तरच्या दशकातली इंद्रजालची धाटणी समोर ठेवली होती. म्हणजे ती पानं शेवटी हलली. आणि मी त्या वेळी थेटरात मोबाइलचा उजेड पाडून सीटखाली पडलेली लेकीची चप्पल शोधत होतो.

तर लिहा. पहिल्यांदा कधी, कुणाच्या टीव्हीवर, आणि आता कशाची वाट बघताय. नियम नाहीत.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

पयला नंबर. सविस्तर नंतर लिहितो, बस आली.

गिरगावचा_गुलमोहर

चाळीत टीव्ही एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. दूरदर्शनवर स्पायडरमॅन लागायचा, तो १९६७ वाला. आम्ही पंधरा-वीस पोरं जमिनीवर, काकूंचे मिस्टर पलंगावर बनियनवर. तो इमारतींमधून झोके घेत जायचा आणि आम्ही सगळे डावीकडे-उजवीकडे झुकायचो.

मोठेपणी परत बघितला तेव्हा कळलं की झोक्याचं तेच चित्र प्रत्येक भागात दहादा वापरलंय. कोळ्याच्या जाळीच्या रेघासुद्धा फक्त मुखवटा, हातमोजे आणि बूट एवढ्यावरच. बाकी अंगावर नुसता रंग, तेवढंच काढायचं काम वाचलं. काकूंच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हणायच्या, "हा मेला रोज त्याच रस्त्याने का जातो? वाटेत कुठे काम नाही का याला?"

काकू गेल्या. चाळही गेली, आता टॉवर आहे.

रद्दीतला_राजा

+१ काकूंना. मीही तेच विचारायचो.

@पोस्टमन, ते अंक आहेत का अजून? मराठी इंद्रजाल हल्ली काय भावाने जातात माहितीये ना?

डेंकालीचा_पोस्टमन

नाहीत हो. मी होस्टेलला असताना आईने त्याच रद्दीवाल्याला घातले. वजनावर.

रद्दीतला_राजा

🙏 शब्द नाहीत.

मेथीची_जुडी

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. कॉमिक्स मी आयुष्यात वाचलं नाही. प्राइमवर 'इन्व्हिन्सिबल'चं चित्र दिसलं, निळ्या-पिवळ्या कपड्यातला गोंडस मुलगा, म्हटलं चिरंजीवांना (वय ८) लावून द्यावं आणि स्वयंपाक उरकावा. सासूबाई शेजारी बसून मेथी निवडत होत्या. पाऊण तास बापलेकाची छान गोष्ट. बाप मुलाला उडायला शिकवतो वगैरे. नावं पळायला लागली तशी मी कुकर बघायला उठले.

परत येते तर काय. नावं मध्येच थांबली होती आणि पडद्यावर रक्ताचा सडा. तो बाप एकेका हिरोचा चेंदामेंदा करतोय. पोरगा पुतळ्यासारखा, सासूबाईंच्या हातात तीच काडी. म्हणाल्या, "अगं, हा मिशीवाला मघाशी चांगला होता ना?"

रिमोट सापडेपर्यंत चारजण गेले.

पोराला दोन रात्री आमच्यात झोपवलं. पण खरी गंमत पुढे. चार दिवसांनी दुपारी सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्याने असं का केलं असेल गं?" आम्ही दोघींनी तीन सीझन संपवले, दार लावून. त्या ओम्नी-मॅन म्हणत नाहीत, "आपला मिशीवाला". पुढच्या सीझनची चौकशी माझ्या आधी त्या करतात.

अर्धवट_झोप

मेथीताई 😂😂 चारजण गेले!!

दुसरी_पाळी

मेथी निवडताना देठ किती ठेवता? आमच्याकडे अख्खे घेतात आणि मग भाजी कडू होते म्हणून मलाच बोलणी.

मेथीची_जुडी

कोवळे ठेवायचे, जाड काढायचे. भाजीला आधी लसूण भरपूर. व्यनि करते.

अर्धवट_झोप

केबलच्या काळातलं कुणी लिहिणार की नाही? कार्टून नेटवर्क रात्री नऊला संपायचं, लक्षात आहे ना? ठोक्याला. नऊ वाजले की तिथे टीएनटी, म्हणजे कुठलातरी कृष्णधवल इंग्रजी सिनेमा. बॅटमॅन पावणेनऊला गच्चीवरून उडी मारायचा आणि आमचे बाबा बातम्यांसाठी रिमोट हातात घेऊन घड्याळाकडे बघत उभे. मला जोकर नंतर कळला, पहिला खलनायक घरातलाच.

दुसरी_पाळी

बॅटमॅन निघालाच आहे तर. मी नर्स आहे, रात्रपाळ्या बऱ्याच. १९९२ ची ती मालिका मला का आवडायची ते कितीतरी वर्षांनी कळलं. बहुतेक वेळा पार्श्वभूमी पांढऱ्या कागदावर रंगवतात, त्यांनी काळ्या कागदावर रंगवली. म्हणजे अंधार आधीपासून होताच, उजेड तेवढा लावायचा. रात्री तीन वाजता वॉर्डाच्या टोकाला एकच दिवा चालू असतो ना, अगदी तसं.

आमच्याकडे हिंदीत लागायची. केव्हिन कॉनरॉयचा मूळ आवाज मी कामाला लागल्यावर ऐकला, हेडफोनवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो गेला ही बातमी ड्यूटीवर असतानाच वाचली. कुणाला सांगणार? शेजारी सिस्टर, तिला म्हटलं बॅटमॅन गेला. ती म्हणाली, "कुठल्या बेडचा?"

हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले. २०२४ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या ॲनिमेशनपटाचा तिसरा भाग आला, त्यात आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला त्याचा आवाज आहे. मी तो अजून पाहिलेला नाही. ठेवलाय.

गिरगावचा_गुलमोहर

ठेवा. असं एखादं असावं शिल्लक.

एडिसनकर

नमस्कार, न्यू जर्सीहून. मराठी लिहिण्याची सवय कमी, सांभाळून घ्या.

मी इथेच वाढले. शनिवारी सकाळी फॉक्सवर 'एक्स-मेन' लागायचं (१९९२ च्या हॅलोवीनला सुरू झालं ते) आणि त्याच वेळी आईने मला मराठीच्या वर्गाला घातलेलं. सुरुवातीचं संगीत ऐकायचं आणि गाडीत बसायचं, असं दोन वर्षं. त्यामुळे मला ती धून पाठ आहे आणि बाराखडी पाठ आहे, गोष्ट एकही माहीत नाही.

२०२४ मध्ये 'एक्स-मेन ९७' आलं तेव्हा मी चाळिशीत. वुल्व्हरिनला तोच जुना आवाज, रोगलाही तोच. धून वाजली आणि आईने आतून विचारलं, "निघायचं का?" तिला आता फारसं काही आठवत नाही. ते मात्र आठवलं.

पाचव्या भागात गँबिट जातो तेव्हा मी...

पोहे_विदाउट_शेंगदाणे

अरेरे!!! स्पॉयलर!! मी तिसऱ्यावर आहे!!!

एडिसनकर

सॉरी सॉरी. पण दादा, दीड वर्ष तरी होऊन गेलं.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

संसार असतो हो माणसाला.

(बसमधून उतरलो, सविस्तर लिहिणार होतो. आता मन नाही.)

अर्धवट_झोप

एडिसनकर, "निघायचं का" वाचून गलबललं. आईंना नमस्कार सांगा. दुसरा सीझन येतोय, त्यांच्या शेजारी बसून बघा.

फ्रेम_मोजणारा

मी ॲनिमेशनमध्ये आहे, पुण्यात. सुपरहिरोंच्या वाट्याला अजून गेलो नाही, टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात नाचवतो. तरी दोन शब्द.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. २०१८ च्या पहिल्या 'स्पायडर-व्हर्स'मध्ये सुरुवातीला माइल्सचं, म्हणजे नवशिक्या स्पायडरमॅनचं, एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलंय, म्हणजे त्याला सेकंदाला १२ च चित्रं. पीटर मुरलेला स्पायडरमॅन, त्याला पूर्ण २४. जंगलात दोघं एकत्र झोके घेतात ते नीट बघा. पोरगं अडखळतं आणि आपल्याला कळत नाही का. शेवटी जमायला लागल्यावर तोही सुळसुळीत होतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसात उभा राहिलो होतो. बॉसला वाटलं राजीनामा देतोय.

'अक्रॉस'मध्ये तर प्रत्येक स्पायडर-हिरोचं जग वेगळं, वेगळ्या हाताचं. ग्वेनचं जलरंगात, तिच्या मनाप्रमाणे भिंतींचे रंग ओघळतात. लेगोचा तुकडा एका १४ वर्षांच्या मुलाने केलाय, त्याने घरी ट्रेलर लेगोत बनवून टाकला होता तो बघून यांनी त्यालाच बोलावलं. १४० मिनिटांचा सिनेमा, हजारेक माणसं. म्हणून पोस्टमनदादांच्या लेकीला सांगा, उशिराबद्दल राग धरू नकोस. तारीख पुढे गेली की आमच्या लाइनीत निदान कुणीतरी घरी जाऊन झोपतं. तारीख तीच राहिली तर काय होतं ते मी दातांवर भोगलंय.

मी स्वतः 'मिस्टर मिरॅकल' या ॲनिमेशन मालिकेची वाट बघतोय. २०२५ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या आन्सीच्या ॲनिमेशन महोत्सवात जाहीर झालीय. मूळ टॉम किंग आणि मिच जेराड्सचं १२ अंकी कॉमिक आहे. कुठल्याही बेडीतून सुटणारा माणूस, पण स्वतःच्या डोक्यातून सुटता येत नाही. पानावर नऊ-नऊ सारख्या चौकटी, गजांसारख्या. त्या चौकटी हलत्या चित्रात कशा आणणार, हीच उत्सुकता.

रद्दीतला_राजा

'अक्रॉस'मधल्या भारतीय स्पायडरमॅनबद्दल, पवित्र प्रभाकरबद्दल, कुणी बोललंच नाही. तो सिनेमासाठी जन्माला आलेला नाही, २००४ चा आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन, जीवन कांग. चार अंक, गोष्ट मुंबईतली. त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो. काकाचं नाव भीम, काकूचं माया. धोतर नेसून जाळी फेकतो. तेव्हा आम्ही कट्ट्यावर खूप हसलो होतो, धोतर अडकेल म्हणून. आणि १९ वर्षांनी थेटरात तोच आला तेव्हा शिट्टी मीच मारली.

गिरगावचा_गुलमोहर

आणि ते "चाय टी" वरून झापतो ते! आपल्याकडेही "लेडीज बायका" म्हणणारे आहेत, त्यांना दाखवा.

दुसरी_पाळी

"पिवळा पीतांबर" 🙂

अर्धवट_झोप

'अक्रॉस' मराठीतही आला होता ना? भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठी होती. आमच्या गावात मराठी खेळ एकही नाही. हिंदीत बघितला. कुणी पाहिलाय मराठीत?

ऑफसेट_कन्या

मी पाहिला, आणि त्यासाठीच आज इतक्या वर्षांनी लॉगिन केलंय.

बाबा कोल्हापुरात छापखान्यात मशीनमन होते, चौतीस वर्षं. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, साखर कारखान्यांचे अहवाल. चार रंगांचे चार ठसे कागदावर एकावर एक बरोब्बर बसले पाहिजेत. केसभर सरकलं तरी ओठांची लाली गालावर जाते. बाबा भिंग लावून बघायचे आणि "रजिस्टर हललंय" म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे बाजूला काढायचे. त्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर माझा सगळा अभ्यास झालाय. पुढच्या बाजूला दोन-दोन नाकांची लक्ष्मी.

मराठीत लागलाय म्हणून त्यांना नेलं, इंग्रजी त्यांना जमत नाही. दहाव्या मिनिटाला अस्वस्थ. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्या कानाशी, "अगं, रजिस्टर हललंय. मागची बिल्डिंग बघ. लाल एकीकडे, निळा एकीकडे."

मी म्हटलं, मुद्दाम आहे बाबा. जुन्या कॉमिक्सची छपाई तशी असायची म्हणून. जिथे धूसर दाखवायचंय तिथे यांनी रंग सरकवलेत.

ते गप्प बसले. इंटरव्हलला समोसा हातात घेऊन म्हणाले, "मुद्दाम?" दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी गोष्ट बघितलीच नाही, पडद्याच्या कडा बघत होते. बाहेर पडताना एवढंच बोलले, "मी हे आयुष्यभर फाडून टाकलं."

चिडून नाही हं. हसत होते.

फ्रेम_मोजणारा

बाबांना माझा साष्टांग. ते ठिपके बघितले का त्यांनी? छपाईचे, सावलीत असतात ते?

ऑफसेट_कन्या

पहिल्यांदा तेच दिसले. "स्क्रीन जाडी वापरलीय, वर्तमानपत्राची," असा शेरा.

मेथीची_जुडी

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, माणूस चांगला आहे, शेवटपर्यंत चांगलाच राहिला. (मिशीवाल्याचा धसका अजून गेलेला नाही.)

डेंकालीचा_पोस्टमन

ऑफसेटताई, आज लेकीला घेऊन 'अक्रॉस' पुन्हा लावला. मुंबॅटन आलं की थांबवायचं असं ठरवलेलं. थांबवलं. तिला म्हटलं, हे बघ, हे आमच्या रद्दीवाल्याच्या पोत्यावरचं. ती म्हणाली, "बाबा, प्ले करा ना."

ऑफसेट_कन्या

😄 माझ्याकडचे ज्येष्ठ विचारतायत, पुढचा भाग कधी. २०२७ म्हटलं. तर म्हणतात, "एवढा वेळ? मशीन कुठलं आहे त्यांच्याकडे?"

पोहे_विदाउट_शेंगदाणे

चौथा भाग बघितला. पाचवा बघू की नको, खरं सांगा.