ओकची पानं गळताहेत, शनिवारी फांद्या तोडायला माणूस येतोय. मदत हवी आहे!

अंगणवेडा: मंडळी, लवकर सांगा. मागच्या अंगणातला मोठा ओक सुकतोय. पानं मूठमूठ गळताहेत, शेंडा उघडा पडलाय. झाडवाला म्हणतो वाळकं काढून टाकू, झाड सुधारेल. शनिवारी येतोय. तोडू द्यावं का? आणि खत कुठलं घालू?

सावली_७: राहता कुठे? ओक कुठला? ओकच्या शेकडो जाती आहेत.

अंगणवेडा: ऑस्टिनच्या बाहेर. लाइव्ह ओक, इकडे दुसरा कुठला असणार!

निवांत_काका: मग घाबरू नका. लाइव्ह ओक थंडीभर हिरवा राहतो आणि जुनी पानं वसंतात टाकतो. ह्यूस्टनमधल्या पहिल्याच मार्चमध्ये मीही धास्तावलो होतो. थोड्याच दिवसांत झाड पुन्हा भरलं.

सावली_७: काका, एप्रिल संपत आला, शेंडा अजून उघडा आहे. अंगणवेडा, पालवी फुटलीय का? गळालेल्या पानांच्या शिरा बघा.

सुगरण_टेक्सास: फांद्यांवर करडे गोळे आहेत का? बॉल मॉस. तेच रस शोषतं. आधी ते खरवडा.

मूळशोध: ताई, ते रस शोषत नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, पाणी हवेतून आणि पावसातून घेते, फांदीवर नुसती बसते. दाट सावलीतल्या फांद्या एरवीही वाळतात, आणि आळ मात्र तिच्यावर येतो.

सुगरण_टेक्सास: आमचं झाड काढल्यावरच सुधारलं. डोळ्यांनी पाहिलंय.

अंगणवेडा: मॉसचं राहू द्या हो! पान पाहिलं. शिरा तपकिरी, मधला भाग हिरवा. पालवी अर्ध्याच झाडाला. कुंपणापलीकडचे शेजाऱ्यांचे दोन ओक गेल्या उन्हाळ्यात वाळले, त्याचा काही संबंध?

मूळशोध: हेच आधी सांगायचं होतं! शनिवारचं रद्द करा. हा ओक विल्ट दिसतोय. बुरशी आहे, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. लाइव्ह ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यामुळे रोग झाडामागून झाड वर्षाला साधारण ७५ फूट सरकतो. ताज्या जखमेवर रसाला भुलून भुंगे येतात, तेही बुरशी आणतात. म्हणून फेब्रुवारी ते जून करवत लावायचीच नाही. कापावंच लागलं तर त्याच मिनिटाला रंग लावा.

निवांत_काका: जखमेला रंग लावू नये, झाड ती स्वतःच बुजवतं.

मूळशोध: एरवी बरोबर, काका. या रोगाच्या मुलखात मात्र रंग हवाच.

पुणेरी_माळीण: पुण्यात लाइव्ह ओक येईल का? बी कुठे मिळेल?

सावली_७: त्यापेक्षा वड लावा. सदाहरित ओक पाहायचाच असेल तर उत्तराखंडात जा, तिथे बांजची जंगलं आहेत.

अंगणवेडा: माझं झाड मरतंय! औषध सांगा. पुढच्या अंगणात आणखी तीन ओक आहेत.

मूळशोध: तीन?! मग त्यांच्याकडे आधी बघा. निरोगी झाडाच्या बुंध्याशी मुळं फाकतात तिथे प्रोपिकोनाझोल या बुरशीनाशकाचं इंजेक्शन देतात. तेही लक्षणं दिसायच्या आधी दिलं तरच खरा उपयोग. मागचं झाड वाचेल असं मी म्हणणार नाही, लागण झालेल्यांतले थोडेच तगतात. रोग पुढे जाऊ नये म्हणून आजारी झाडापासून १०० फुटांवर किमान ४ फूट खोल चर खणून मुळं तोडतात. खत नको. आधी खात्री करा: टेक्सास ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिसला फोन लावा.

अंगणवेडा: शनिवारचं रद्द केलं. पण तपासणीला फांदी तर कापावीच लागेल ना?

मूळशोध: हो. अर्धवट वाळलेली, आतून अजून ओली असलेली घ्या, बर्फाच्या पेटीत ठेवा. कापल्या जागी रंग.

सावली_७: १०० फूट म्हणजे चर तुमच्या अंगणात मावणार नाही. पुढच्या घरांनाही विचारावं लागेल.

अंगणवेडा: मागचे शेजारी आठला घरी येतात. त्यांच्यापासून सुरुवात करतो.